दर्याचा हिशेब : सरखेल कान्होजी आंग्रे

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी आधी हात जोडले. माझं सारं आयुष्य बँकेत गेलं. लेजर, व्हाउचर आणि कर्जाच्या फायली यापलीकडे कधी काही लिहिलं नाही. सोसायटीचा खजिनदार म्हणून आठ वर्षं ताळेबंद तयार केले, पण ते वार्षिक सभेतही कोणी वाचत नाही, तर स्मरणिकेत कोण वाचणार! पण गेल्या गणेशोत्सवात एक प्रसंग घडला आणि विषय आपोआप मिळाला.

मुलांच्या प्रश्नमंजूषेत कान्होजी आंग्रे कोण होते, असा प्रश्न आला. एका मुलाने मराठ्यांचे आरमारप्रमुख असं उत्तर दिलं, दुसऱ्याने समुद्री चाचे असं दिलं. पहिल्याला गुण मिळाले, दुसरा हिरमुसला. बिचाऱ्याचं फार चुकलं होतं असंही नाही, कारण इंग्रजांनी लिहिलेल्या जुन्या पुस्तकांत चाचे असंच छापलेलं आहे. त्या रात्री माझ्या नातीने मला विचारलं, की दोन्ही गोष्टी छापलेल्या असतील तर खरी कुठली समजायची. मी तिला उद्या सांगतो म्हणालो आणि झोपवलं. तो उद्या आज उजाडतो आहे.

आपण बोईसरकर तसे समुद्राचे शेजारी. नवापूर, दांडी, उच्छेळी, तारापूर, चिंचणी ही सगळी गावं रिक्षाच्या अंतरावर. तिकडे पालघरच्या बाजूला सातपाटी, मुरबे, केळवे, माहीम. पण आपली नोकरी एमआयडीसीत किंवा अणुशक्ती केंद्रात, नाहीतर लोकल पकडून मुंबईत. दर्याशी संबंध काय, तर रविवारी बाजारातलं पापलेट आणि पाहुणे आले की चिंचणीचा किनारा. मीही तसाच होतो. पण नोकरीच्या निमित्ताने मला दर्याशी दोन रात्रींची का होईना, ओळख झाली होती. ती आधी सांगतो, म्हणजे कान्होजींची गोष्ट नीट कळेल.

1979 साली माझी बदली पालघर भागातल्या एका शाखेत झाली. मच्छीमारांना बोटीसाठी कर्ज देण्याचं काम माझ्याकडे होतं. फायलीत बोटीची लांबी, इंजिनाचे अश्वशक्तीचे आकडे आणि जामीनदारांच्या सह्या. एकदा एका कर्जदार तांडेलांनी मला हसत हसत सुनावलं, की साहेब, गाय तपासायला गोठ्यात जाता, मग बोट तपासायला दर्यात का येत नाही? मी तरुण होतो. ईर्ष्येने सातपाटीहून त्यांच्या बोटीवर चढलो. पहिल्या तासातच पोटातलं सगळं बाहेर आलं. खलाशांनी माझी चेष्टा केली नाही. एकाने लिंबू दिलं आणि लांब किनाऱ्याकडे बघत बसा म्हणून सांगितलं.

त्या दोन रात्रींत मला कळलं, की बोट चालवणं आणि बोटीवर राहणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. तांडेलांकडे नकाशा नव्हता. गालाला लागणारा वारा, पाण्याचा रंग आणि मागे दिसणारा महालक्ष्मीचा सुळका यांवर ते चालले होते. सुळका आणि किनाऱ्यावरची एक ठरलेली खूण एका रेषेत आली की आपण अमुक ठिकाणी, हा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी त्यांनी दहा मिनिटं सुकाणू माझ्या हातात दिलं. मी बोटीच्या टोकाकडे बघत राहिलो आणि बोट दारुड्यासारखी नागमोडी चालली. जवळ बघू नका, लांबची खूण धरा, एवढंच त्यांनी शिकवलं. इंजिन बंद पडलं तर असावं म्हणून शीड होतंच. ते उभारून दाखवलं तेव्हा पहिला धडा हा, की वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी जात नाही, ती तिरकी घ्यावी लागते. आणि राहण्याचं म्हणाल तर सगळा मामला गोड्या पाण्याचा. पिंपातलं पाणी पिण्यापुरतं आणि भातापुरतं. तोंड धुवायचं ते खाऱ्या पाण्याने. मी पहिल्या सकाळी सवयीने एक तांब्या गोडं पाणी चूळ भरण्यात घालवलं आणि सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

आता तीनशे वर्षं मागे जाऊ.

आंग्रे घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याकडच्या अंगरवाडी गावावरून आंग्रे हे नाव पडलं. म्हणजे मूळचे हे दर्यावर्दी नाहीत, देशावरचे. कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत आले आणि सुवर्णदुर्गावर राहिले. 1657 साली कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर महाराजांनी आरमाराची पायाभरणी केली होती. घोडदळात वाढलेल्या लोकांना पाण्यावरचं काम नवीन होतं. ते काम ज्यांना येत होतं ते कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरचे इतर दर्यावर्दी महाराजांनी जवळ केले. आरमार उभं राहिलं ते या लोकांच्या हातांवर.

1669 च्या सुमारास जन्मलेले कान्होजी या वातावरणात वाढले. सुवर्णदुर्ग म्हणजे दापोली तालुक्यातल्या हर्णैसमोरचा पाण्यातला किल्ला. आपल्यापैकी जे हर्णैला गेले असतील त्यांनी संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहिला असेल. समोर किल्ला, मागे बंदर, मध्ये होड्यांची ये-जा. अशा जागी वाढलेल्या मुलाला दर्याची शाळा वेगळी लागत नाही. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, तो होडीला बाहेर नेतो. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो, तो तिला घरी आणतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भरती कमी. कुठल्या खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी आहे आणि ती किती पाण्यात बुडते, हे पाठ असावं लागतं. हे सगळं आपल्या शाळेच्या भूगोलात एका पानात येतं. दर्यावर ते अंगात भिनावं लागतं, आणि शिकवणारा कोळ्याचा किंवा भंडाऱ्याचा पोरगा असला तरी त्याला गुरू मानावं लागतं.

त्यांचं नाव पुढे आलं ते फार वाईट काळात. जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला होता. किल्लेदार फितूर होऊन किल्ला देणार होता आणि तरुण कान्होजींनी त्याला कैद करून किल्ला लढवला, अशी हकीगत घराण्याच्या इतिहासात येते. पुढच्याच वर्षी, 1689 साली संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. स्वराज्य राहतं की जातं अशी अवस्था. किनाऱ्यावर पगार पाठवायला कोणी नाही, हुकूम द्यायला कोणी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हेड ऑफिस बंद, आणि शाखा मॅनेजरच्या हिमतीवर चालू. अशा वेळी सिधोजी गुजरांच्या हाताखाली कान्होजींनी गेलेले किल्ले परत घेतले, नवी जहाजं बांधली. 1698 साली सिधोजी वारले आणि आरमाराची मुख्य जबाबदारी कान्होजींकडे आली. सरखेल ही पदवी मिळाली. त्यांनी आपलं ठाणं कुलाब्याला केलं. हा कुलाबा मुंबईतला नव्हे, अलिबागसमोरचा. मुंबई बंदराच्या अगदी दाराशी.

त्यांची जहाजं कशी होती हे समजून घेण्यासारखं आहे. दोन मुख्य प्रकार, गुराब आणि गलबत. गुराबेला दोन, मोठी असेल तर तीन डोलकाठ्या. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण 150 टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची 300 टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, तळ उथळ, त्यामुळे थोड्या पाण्यातही तरायची. पुढचं टोक लांब निमुळतं आणि त्या टोकाकडून थेट समोर डागायच्या दोन मोठ्या तोफा. गलबत त्याहून लहान, मोठ्यातलं मोठं 70 टनांचं. त्याला एक प्रचंड तिकोनी शीड आणि 40 ते 50 वल्ही. वारा पडला की इंग्रजांचं उंच भारी जहाज पाण्यावर खिळून राहायचं. मग ही गलबतं वल्ही मारत गुराबांना दोरानं ओढत आणायची, आणि सगळ्यांनी मिळून शत्रूच्या मागच्या बाजूला जाऊन बसायचं. कारण मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असतात, पाठीशी फारशा नसतात. आधी शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या, जहाज पांगळं झालं की चहूबाजूंनी माणसं चढवायची. अंगावर यायला लागलं तर उथळ खाडीत पळायचं. मोठं जहाज आत येऊ शकत नाही, आलं तर रुततं.

लढाईच्या कथा सगळेच सांगतात. मला मात्र सवयीप्रमाणे रोजच्या खर्चाचा प्रश्न पडतो. एका गलबतावर वल्हेकरी आणि लढवय्ये धरून 60 माणसं आहेत असं समजा. माणशी रोज 4 लिटर पाणी, पिण्याचं आणि रांधण्याचं. म्हणजे दिवसाला 240 लिटर, दहा दिवसांना 2400 लिटर. आपल्या गच्चीवर हजार लिटरच्या काळ्या टाक्या आहेत, तशा जवळजवळ अडीच. त्या अरुंद, उघड्या गलबतावर ठेवणार कुठे? म्हणजे ही माणसं फार दिवस बाहेर राहूच शकत नव्हती. दर काही दिवसांनी त्यांना गोड्या पाण्याला लागावंच लागे. या दृष्टीने नकाशा पाहिला की विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा, खांदेरी ही किल्ल्यांची ओळ वेगळीच दिसते. कुलाब्याच्या किल्ल्यात तर चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची पुष्करणी. किल्ला म्हणजे भिंती आणि तोफा हे आपण शाळेत शिकलो. जहाजावर राहणाऱ्या माणसाला तो आधी पाण्याची टाकी, धान्याचं कोठार आणि तुटकी डोलकाठी बदलण्याची जागा वाटत असणार. पावसाळ्यात तर बोटी पाण्यात ठेवण्याची सोयच नाही. आपल्याकडे अजून जून-जुलैत बोटी वर ओढतात, शाकारतात, रंग-डागडुजी करतात, आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा दर्याला नमस्कार. कान्होजींच्या आरमाराचं वर्षही याच पंचांगावर चालत होतं. आपली हद्द किती, हे त्यांना नेमकं माहीत होतं. मुंबईपासून गोव्याकडच्या किनाऱ्यापर्यंतच्या पाण्यात ते राजे, पण खोल समुद्रात मोठ्या जहाजांशी झुंजायला ते गेले नाहीत.

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो.

या किनाऱ्यावर परवान्याची पद्धत कान्होजींनी सुरू केलेली नाही. ती पोर्तुगीजांनी आणली, त्यांच्या आधी दोनशे वर्षं. आपल्या समुद्रात व्यापार करायचा तर आमचा कागद घ्या, त्याला ते कार्ताझ म्हणत. कागद नसेल तर जहाज जप्त. आपला तारापूर, डहाणू, माहीम, केळवे, वसई हा सगळा पट्टा तेव्हा फिरंग्यांच्या ताब्यात. म्हणजे आपल्याच गावच्या व्यापाऱ्याने आपल्याच बंदरातून माल हलवायचा तरी कागद परक्याचा. इंग्रज कंपनीही आपले परवाने देत असे. कान्होजींनी एवढंच केलं, की मराठी किनाऱ्यासमोरून जायचं तर छत्रपतींच्या सरखेलाचा दस्तक घ्या म्हणाले. दस्तक असेल तर जाऊ द्यायचं, नसेल तर धरायचं. पद्धत तीच, कागद तसाच, फक्त खाली सही वेगळी. पहिल्या दोघांचा तो कायदा झाला आणि तिसऱ्याची ती चाचेगिरी ठरली.

तीस-बत्तीस वर्षं मी सह्याच तपासल्या. कागदाची किंमत कागदात नसते, सही करणाऱ्याचा अधिकार कोण मानतो त्यात असते. इंग्रजांनी कान्होजींचा दस्तक घेतला असता तर या पाण्यावर मराठ्यांची मालकी आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं. खरी अडचण तिथे होती, रक्कम दुय्यम.

वादाचं दुसरं एक कारणही बँकवाल्याला पटकन समजेल असं आहे. कंपनीशी तह झाल्यावर कंपनीच्या मालाला हात लावायचा नाही, हे कान्होजींना मान्य होतं. पण मुंबईचे इतर व्यापारी आपला माल इंग्रजी निशाणाखालच्या जहाजांतून पाठवू लागले आणि त्यालाही सूट हवी म्हणू लागले. म्हणजे खातं एकाचं आणि व्यवहार दुसऱ्याचा. कान्होजी म्हणाले, हे चालणार नाही. यावरून पुढे सगळी लढाई पेटली.

तरी आपल्या माणसाची बाजू मांडताना उधारी लपवायची नाही. 1712 साली मुंबईहून कारवारकडे निघालेली गव्हर्नरची शस्त्रसज्ज नौका कान्होजींच्या माणसांनी धरली. त्या झुंजीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला. त्याची अगदी तरुण बायको सोबत होती. नवरा डोळ्यांदेखत गेला आणि ती कैदेत पडली. पुढच्या वर्षी तह झाला आणि 30,000 रुपये घेऊन तिला सोडलं. त्या बाईच्या दृष्टीने कान्होजी कोण होते, हे वेगळं सांगायला नको. त्या काळी सगळेच असं करत होते हे खरं आहे, पण त्याने तिचं दुःख कमी होत नाही. नातीला मी हेही सांगितलं.

मात्र त्याच 1713 साली इंग्रजांनी त्यांच्याशी लेखी तह केला हेही विसरू नये. चोराला पकडतात, शिक्षा करतात, त्याच्याबरोबर अटी लिहून कोणी तह करत नाही.

तेच वर्ष मराठी राजकारणातही महत्त्वाचं. शाहू महाराज आणि ताराबाई यांच्यात गादीचा वाद चालू होता आणि कान्होजी ताराबाईंच्या बाजूला होते. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. तेव्हा बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेले. ते मूळचे कोकणातले, किनाऱ्याची नाडी ओळखणारे. समजुतीने प्रश्न सुटला. कान्होजी शाहूंकडे आले, सरखेली आणि किल्ले त्यांच्याकडे कायम राहिले. बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं. ज्याच्याशी लढून भागत नाही त्याच्याशी बसून बोलावं, हे दोघांनाही कळत होतं.

पुढची आठ वर्षं म्हणजे एकामागून एक हल्ले. मुंबईला चार्ल्स बून नावाचा गव्हर्नर आला. त्याने नवी जहाजं बांधली, शहराचा तट उभारला आणि आंग्र्यांना संपवायचंच असं ठरवलं. 1718 साली खांदेरीवर हल्ला झाला, तो फसला. 1720 साली विजयदुर्गावर चाल केली. त्या वेळी तोफांनी भरलेलं सपाट तळाचं एक तरंगतं व्यासपीठ खास बांधून नेलं होतं. त्याचाही उपयोग झाला नाही. वाघोटण खाडीच्या तोंडावरचा तो किल्ला जसाच्या तसा राहिला. मग 1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे एक झाले. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज राजाची लढाऊ जहाजं घेऊन आला होता. तो मुळात मादागास्करच्या बाजूचे खरे चाचे मोडायला निघाला होता, ही यातली गंमत. समुद्रातून जहाजं, जमिनीवरून हजारोंची फौज, असा कुलाब्याला दोन्हीकडून फास. कान्होजींनी किल्ला धरला, साताऱ्याहून मदत मागितली, आणि बाजीराव पेशव्यांचं घोडदळ घाट उतरून अलिबागेत आलं. हल्ला मोडला. त्यातून इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांना दोष देत बसले, आणि 1722 च्या सुरुवातीला पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून अंग काढून घेतलं. डचांनी 1724 साली विजयदुर्गावर नशीब आजमावलं, तेही रिकाम्या हाताने परतले.

एवढ्या मोठ्या सत्तांना या माणसाने तोंड दिलं ते त्यांच्यापेक्षा मोठी जहाजं बांधून नव्हे. तोफांच्या बाबतीत ते इंग्रजांच्या मागेच होते, आणि ते ओळखून त्यांनी काही युरोपीय माणसंही चाकरीत ठेवली होती. पण स्वतःचं पाणी त्यांना परक्यापेक्षा जास्त कळत होतं. कुठे थांबायचं, कधी मागे फिरायचं, भरती किती वाजता आणि कोणाच्या बाजूने, हा हिशेब त्यांचा कधी चुकला नाही.

4 जुलै 1729 रोजी कान्होजी वारले. दिवस पावसाळ्याचे. दर्या खवळलेला आणि बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या, अशा काळात हा दर्यावर्दी गेला. अलिबागेत त्यांची समाधी आहे.

यानंतरचं सांगायला जीव होत नाही, पण पंचवीस वर्षं सोसायटी चालवलेल्या माणसांनी ते वाचलंच पाहिजे. थोरला मुलगा सेखोजी सरखेल झाला, तो चार वर्षांत वारला. मग संभाजी आणि मानाजी या भावांत भांडण लागलं. इतकं, की आरमाराचे दोन तुकडे झाले. कुलाबा मानाजीकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजीकडे. दोघे एकमेकांविरुद्ध बाहेरची मदत मागायला लागले. आपल्या भागापुरतं बोलायचं तर 1739 च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला, मे महिन्यात वसई पडली आणि फिरंग्यांचा कागद इथून कायमचा गेला. कान्होजींना जाऊन तेव्हा दहा वर्षं होत होती. पण त्या विजयानंतर सतरा वर्षांत उलटं घडलं. संभाजीनंतर आलेल्या तुळाजीचं पेशव्यांशी बिनसलं, पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं, 1755 साली सुवर्णदुर्ग गेला आणि 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचं आरमार जळालं. जे बूनला, मॅथ्यूजला, डचांना जमलं नाही ते घरच्या भांडणाने करून दाखवलं. मराठ्यांचा समुद्रावरचा वचक नंतर तसा परत बसला नाही.

कान्होजींची आठवण मात्र टिकली आहे. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला 1951 पासून आंग्रे हे नाव आहे. ज्या मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांना चाचा ठरवलं, त्याच मुंबईत! खांदेरी बेटही आता त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

नातीला मी शेवटी असं सांगितलं. चाचा कोणालाही लुटतो आणि कोणालाच हिशेब देत नाही. कान्होजींच्या मागे छत्रपतींची नेमणूक होती, त्यांच्या दस्तकाला नियम होता, तह केले ते लिहून केले. म्हणून मी त्यांना सरखेल म्हणतो. तरी त्या बाईची गोष्ट तिने लक्षात ठेवावी आणि दुसरं उत्तर देणाऱ्या मुलालाही सांगावी, म्हणजे त्याने पुस्तकात काय वाचलं आणि ते कोणी लिहिलं होतं हे त्याला कळेल. ती दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण हल्ली दोघं मिळून पुठ्ठ्याची गुराब करत आहेत. माझ्या पेन्शनच्या फायलींचे दोन पुठ्ठे गेले.

जाता जाता समितीला एक सूचना. रौप्यमहोत्सवी वर्षाची सहल म्हणून यंदा महाबळेश्वरऐवजी अलिबागला जाऊया. बोईसरहून पहाटे निघालं की होतं. कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. पण तारीख ठरवायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीने दोन तास उशिरा निघू नका. पाणी कोणासाठी थांबत नाही. वर्गणी मी गोळा करतो, पावतीसह.